रस्त्याकडच्या चार सऱ्या

नेसरी, ७ फेब्रुवारी २०२५

ती. आक्काच्या सेवेशी, चनबसाप्पाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र बघून घाबरू नको, कुणी गेलेलं नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला हळू बोलता येत नाही. मागल्या खेपेला तुला सांगितलेलं मूळव्याधीचं निम्म्या नेसरीला कळलं.

तुझ्या भाचीला, भूमिकाला, पुण्याची नोकरी आलीय आणि तिला शेतीच करायचीय. म्हणून रस्त्याकडचं अर्धा एकर एका हंगामापुरतं तिला काकडीला दिलं. शब्द असा ठरला की पीक साधलं तर रान तिचं. बिघडलं तर रान शेजारच्या बाळासोला वाट्यानं, आणि ही पुण्याला.

आता वेलांवर भुरी आलीय, पानांवर पीठ सांडल्यागत. दुकानात औषधं ढिगानं पडलीत, पण बाईसाहेबांनी कोल्हापुरातून लेसिथिनचा डबा आणला. सोयाबीनचं तेल काढताना निघतं म्हणे, चॉकलेटातसुद्धा घालतात. दिसायला काकवी, चिकट त्याहून जास्त. कोमट पाण्यात भिजवून तिनं ते तिच्या आईच्या ताकाच्या रवीनं घुसळलं आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. त्यानं कडुलिंबाचं तेल पाण्यात नीट मिसळतं आणि भुरीही आवरते, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं की असं असतं तर दवाखान्यात गोळ्यांऐवजी पेढे दिले असते. ती हसली नाही.

लोभ असावा, नसला तरी उत्तर असावं.

तुझा धाकटा,
चनबसाप्पा

गडमुडशिंगी, १२ फेब्रुवारी २०२५

चि. चन्नूस, रत्नव्वाचे अनेक आशीर्वाद.

मूळव्याधीचं मुडशिंगीतही कळलंय, मीच सांगितलं.

तुझं शहाणपण मी परकरात होते तेव्हापासून ओळखते. वडिलांनी भुईमूग टोकला की रुजला का बघायला तू रोज उकरायचास. एक अख्खा वाफा तू नुसता बघून बघून मारलास. म्हणून सांगते, रानात जायचं तर हात पाठीमागं बांधून जा.

लेसिथिन चालेल की नाही हे मला ठाऊक नाही. पण डाव पोरीचा आहे. हरली तरी तिच्या हातानं हरू दे.

घरच्यांना आशीर्वाद, तुला थोडे कमी.

तुझी आक्का

नेसरी, २३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्काच्या पायाशी चनबसाप्पाचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र वाचून झालं की जाळून टाक.

फवारणीनंतरही खालच्या पानांवर पांढरं दिसत होतं. भूमिका सांगत होती की नवी पानं स्वच्छ आलीत, दम धरा. मला दम धरवेना. पोरगी हरणार आणि पुण्याला जाणार, हीच भीती. तुझ्यापाशी काय लाजायचं, तिनं जावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. नुसता तोंडानं बोललो होतो.

म्हणून गेल्या रविवारी पहाटे आपल्या जुन्या रीतीनं फडक्यात गंधक बांधलं आणि वेलांवर झटकलं. लोकांच्या नजरेला पडतात म्हणून रस्त्याकडच्या चार सऱ्या आधी घेतल्या. तेवढ्यात दुधाची गाडी आली आणि मी पळालो.

तिसऱ्या दिवशी नेमक्या त्याच चार सऱ्या करपल्या. मी दूधसंस्थेत दहा जणांत बोंब मारली की चॉकलेटनं काकडी जाळली, पीक गेलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. मग औषधाच्या दुकानदारानं विचारलं की तेलाच्या फवारणीवर कुणी लगेच गंधक तर टाकलं नाही ना, कारण त्यानं काकडीचं पान भाजतं. मी म्हणालो, एका पावण्यानं टाकलं असंल.

आतल्या सऱ्या हिरव्यागार आहेत. पण भूमिका म्हणते की निकाल तुम्ही चारचौघांत दिलाय, शब्दाप्रमाणे मी जाते. बॅग भरलीय. बाळासो दोरी घेऊन रान मोजून गेला. तू तिला लिही की माझी तब्येत बरी नाही, म्हणजे ती राहील. खरं सांगायला माझी छाती होत नाही.

लोभ असू दे, आज फार गरज आहे.

तुझा,
चनबसाप्पा

गडमुडशिंगी, २७ फेब्रुवारी २०२५

चि. चन्नूस,

खोटं मी लिहिणार नाही. तू आजारी नाहीस, भित्रा आहेस.

दहा माणसांत पोरीचं नाव घालवलंस, ते स्वयंपाकघरात हळूच सांगून परत येत नाही. जिथं बोंब मारलीस तिथंच जाऊन मार. आवाज तुझा मोठा आहेच, एकदा तरी कामाला येऊ दे. ती गेली तर मला पत्र घालू नकोस.

आक्का

नेसरी, ९ मार्च २०२५

ती. आत्तीस, भूमिकाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

सोमवारी संध्याकाळी आप्पा दूधसंस्थेत गेले आणि भर रांगेत सांगून टाकलं की काकडी लेसिथिननं नाही, माझ्या गंधकानं करपली. लोक पोट धरून हसले. बाळासोनं विचारलं की मग मोजलेल्या रानाचं काय. आप्पांनी त्याला दोरी म्हशीला बांधायला सांगितली.

आत्ती, मला सगळं आधीच कळलं होतं. त्या रविवारीच आईनं त्यांच्या टॉवेलवरची पिवळी पूड दाखवली होती. मी भांडायला हवं होतं. पण मला बघायचं होतं, मी गेलेली त्यांना चालते का. दोन आठवडे ते गप्प राहिले तेव्हा नुसती दाखवायला भरलेली बॅग खरीच भरली आणि आईला न कळता रडलेही.

लेसिथिन म्हणजे काही अमृत नाही. भुरी गेली नाही, आवरलीय, आणि सारखं घुसळून फवारावं लागतं. आईनं तिची रवी परत घेतली.

काल काकडीचा पहिला तोडा झाला. आप्पा बांधावर उभे राहिले, आत आले नाहीत. खाली बघत विचारलं की बाळासोच्या जागी मला वाटेकरी म्हणून घेशील का. स्वतःच्या रानात ते माझी परवानगी मागत होते. मी म्हणाले, घेते, पण औषधाच्या डब्याला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यांनी मान हलवली, सरीत उतरले आणि एकेक करपलेलं पान खुडायला लागले.

काकड्या एसटीनं पाठवतेय. तुझी माया आम्हा दोघांवर सारखीच राहू दे.

तुझी,
भूमिका