लतिका करते

६ नोव्हेंबर, गुरुवार
ह्यांचा फोटो आलाय संस्थेच्या ग्रुपवर! सिडकोतल्या कुणा कारभारींचं अंग पुसताना. पिवळा टी-शर्ट, छातीवर ‘मायेचा हात’. खाली जोडलेल्या हातांची रांग. ‘धन्य आहात शामकाका!’

फोटो बघितला तेव्हा माझ्या हातात बेडपॅन होतं. ह्यांच्याच आईचं.

७ नोव्हेंबर
सासूबाईंना कुशीवर वळवताना कंबरेत चमक भरली. ‘जपून गं,’ म्हणाल्या. कसं जपू? वळवायचंच नाही का?

९ नोव्हेंबर, रविवार
आज संस्थेच्या सगळ्यांची मिसळ. आधी कुणा डॉक्टरांचं भाषण. दुसऱ्यासाठी काही केलं की मन प्रसन्न राहतं, झोप लागते, बीपी ताब्यात राहतं, असं. हे घरी आले ते तेच घोकत.

खोटं नाही ते. ह्यांची शुगर खरंच उतरलीय. रिटायर झाल्यावर नुसता खुर्चीत कुढत बसणारा माणूस आता शीळ घालतो! चांगलंच आहे. पण मग माझं बीपी का चढतंय? सासूबाईंची एक बाजू गेल्यापासून मी रोज हेच तर करतेय. भरवणं, पुसणं, वळवणं. मला का नाही प्रसन्न वाटत?

विचारलं तोंडावर. तर म्हणे, ‘अगं, ती सेवा आहे. आईचं तर आपण करतोच की!’

आपण!!

बाहेर जाऊन केली की सेवा. घरात नुसतं ‘करणं’. ‘आईंचं कोण करतं?’ ‘लतिका करते.’ काय करते ते कुणी विचारत नाही. सेवेला टी-शर्ट, टाळ्या, वर मिसळ. आणि सेवा संपवून घरी येता येतं. मी कुठे जाऊ?

११ नोव्हेंबर
डॉक्टरांनी बीपी बघून दोनदा पट्टा बांधला. ‘विश्रांती घ्या, नाहीतर तुम्हीच आडव्या व्हाल.’ ह्यांना सांगितलं. ‘मीठ कमी कर,’ म्हणाले. आणि टी-शर्ट वाळला का?

मीठ!

म्हटलं, सकाळचं तेवढं तुम्ही बघा आईंचं, मी जरा सोमेश्वरपर्यंत चालून येत जाईन. ‘मला नाही गं जमत. आईला संकोच वाटतो.’ भरवायला कसला आलाय संकोच? कारभारींचं बरं जमतं!

आणि त्या तरी! शाम दारात दिसला की चेहरा फुलतो. मला मात्र दिवसभर नुसत्या बघत राहतात. मी वाकले की बघणार, उठले की बघणार. राग येतो. येतोच.

१३ नोव्हेंबर
बाथरूममध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली. नळ धरून खाली बसले. बाहेरून सासूबाईंच्या हाका सुरू — ‘लतिका! लतिका!’

‘थांबा की जरा! मेले नाही अजून!’ ओरडले मी.

हे पंचवटीत होते. सेवेला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी बेल. दार उघडलं तर हे! खिशात किल्ली असताना बेल! पिवळा टी-शर्ट, तोंड उतरलेलं. संस्थेत कुणी कुठे जायचं ते पल्लवी ठरवते. तिने आज ह्यांना पत्ता दिला तो आमचाच! ‘काका, फोन आलाय रीतसर. रोज सकाळी कुणीतरी हवंय. आणि तुम्हीच हवेत म्हणाल्या.’

‘मी नाही केला फोन,’ म्हटलं.

‘तू नाही. आईने केला.’

डोक्यात तिडीकच गेली. सगळं मी उपसायचं आणि शेवटी हवा कोण, तर लेक! हातातला टॉवेल ह्यांच्या अंगावर फेकला. ‘घ्या. करा सेवा!’ चपला घातल्या आणि निघाले. सोमेश्वरला धबधब्यासमोर बसून रडले. लोक बघत होते. बघू देत.

परत आले तर हे वरणभात भरवत होते. अर्धा भात गादीवर सांडलेला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेले.

१६ नोव्हेंबर
पल्लवीचा फोन. ‘काकू, आता बरं वाटतंय का तुम्हाला?’

मला?

‘हो, म्हणजे... पेशंट कोण विचारलं तर आजी म्हणाल्या, माझी सून.’