डोअरकीपरची बहीण

सोलापूर, ता. ९ जून २०२५

आदरणीय भाईजान यांस,
झीनतचा सलाम. वि. वि. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

परवा आमच्या फरहानने त्याच्या लेकीला टीव्हीवर एक जुना इंग्रजी सिनेमा लावून दिला. घोड्यावरचा खडूस दरोडेखोर, त्याला वाळवंटात सापडलेली पोरकी मुलगी, आणि तिला माणसांत पोचवण्यासाठी स्वतःहून पकडला जाणारा तो. बघताक्षणी ओळखला. मी सात वर्षांची होते, तुम्ही थिएटरवर डोअरकीपर होतात, तेव्हा हाच लागला होता. अब्बांच्या दोस्तांनाही तुम्ही तिकिटाशिवाय सोडत नव्हता. मी रडले म्हणून त्या एका दुपारी मला आत बसवलंत.

मध्यंतरात मालकाने मला लिमलेटची गोळी दिली आणि गोड आवाजात विचारलं, भाई आणखी कुणाकुणाला सोडतो? मला मिरवायचं होतं. म्हणाले, माझा भाई सगळ्यांना फुकट सोडतो. साफ खोटं. मालकाने सगळ्यांदेखत तुमच्या हातातली बॅटरी काढून घेतली. तुम्ही मला हात धरून घरी आणलंत आणि महिन्याभरात श्रीपूरच्या साखर कारखान्यावर गेलात. अम्मी मालकाला शिव्या देत राहिली. मी एकावन्न वर्षं गप्प राहिले.

नात विचारत होती, दादीमा, तो चांगला होता तर त्याला पकडलं का? मी उठून आत गेले.

माफ करा, असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. चांदबीभाभींना सलाम. माया होती तेवढी राहू द्यावी.
तुमची झीनत

श्रीपूर, ता. १६ जून

झीनतला लई दुवा.
पत्र पोचलं. मला ठावं हुतं. मालकानं तोंडावरच सांगितलं, तुझी बहीणच म्हणती. तुझा हात धरला तो गर्दीत चुकू नये म्हणून. मनातनं शिव्या देत हुतो. सात वर्साच्या पोरीवर राग धरला आन् धरूनच ठेवला.

तुझ्या लग्नाला रजा मिळंना म्हणून कळवलं हुतं. लगीन मे महिन्यात. उसाचं गाळप कवाच सरलं हुतं, कारखाना बंद. मी हितं घरात बसून हुतो. चांदबी म्हणत हुती, चला की. मी उठलो न्हाय. तू खोटं बोललीस तवा लेकरू हुतीस, मी तुझ्या लग्नाला तेहतीस वर्साचा बाप्या. कुणाचा गुन्हा मोठा, तूच सांग.

फुडल्या शुक्रवारी येऊ का? न्हाय म्हणालीस तरी राग न्हाय. पोराबाळांना दुवा.
शेखलाल

सोलापूर, ता. २१ जून

भाईजान,
सलाम. वाटलं होतं, तुमचं पत्र वाचून रडू येईल. राग आला. निकाहच्या दिवशी श्रीपूरची एसटी आली का बघायला मी तीनदा माणूस पाठवला होता. सासरच्यांना सांगितलं, भाई आजारी आहे. तेही खोटं मीच बोलले.

शुक्रवारी या, भाभींना घेऊन या. मी बोलणार आहे, तुम्हीही बोला, काही मनात ठेवू नका. त्या दिवशी जेवायला उशीर झाला तरी चालेल.
तुमची,
झीनत