डबा रिकामा परत जात नाही

सोलो, मंगळवार

प्रिय लारास,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. परवाच्या रविवारी, भरल्या मांडवात, नवरानवरी मंचाकडे निघालेली, मागे गामेलानच्या घंटा-झांजा संथ लयीत वाजताहेत, आणि मी माझ्या सर्वांत भारदस्त आवाजात 'आज या अंगणात चंद्र आणि सूर्य एकत्र उतरले आहेत' असं जाहीर करत असताना माझं नेसूचं बाटिक कमरेवरून खाली सरकू लागलं. चंद्रापर्यंत ठीक होतं. सूर्य येईपर्यंत उजव्या हातात माईक आणि डाव्या हातात अब्रू अशी अवस्था झाली. कमरेला गुंडाळायचा तो लांबलचक पट्टा वर्षानुवर्षं तीन वेढ्यांत संपायचा. आता पाच वेढे घेऊनही त्याचं टोक हातात उरतं, आणि कुठे खोचावं हे कळत नाही. बावन्नाव्या वर्षी, पंचवीस वर्षं लग्नं गाजवलेल्या सूत्रसंचालकावर ही पाळी आणणारी व्यक्ती एकच आहे, आणि ती तू आहेस. यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचं होतं. पण आरोपी ईदपासून गप्प आहे.

गप्प म्हणजे अगदी गप्प नाही, हे मान्य. मी फोनवर काहीही पाठवलं की तू ते जोडलेल्या हातांचं पिवळं चित्र पाठवतेस. मी पावसाची बातमी दिली, हात. इबूच्या दाढेचं सांगितलं, हात. एका नवऱ्या मुलाला हार घालताना शिंक आली ती हकिकत मुद्दाम पाठवली, जिच्यावर तू एरवी दोन दिवस हसली असतीस, तरी हातच. म्हणून म्हटलं कागदावर लिहावं. कागदाला तसं उत्तर देता येत नाही. शिवाय माझ्या तोंडावर माझाच भरवसा उरलेला नाही. का ते तुला सांगायला नको.

इकडचं बरं आहे. इबूची दाढ काढली, आता ती मऊ भात मागते आणि वर मलाच ऐकवते की म्हातारपणी आईला मऊ भात देणारा मुलगा मिळायला नशीब लागतं, तिला मिळाला तो कडक शिजवतो. शेजारच्या यू पार्तीनं नवा कोंबडा आणलाय, तो पहाटेची नमाज व्हायच्या आधीच ओरडतो. बहुतेक घड्याळ तिच्या नवऱ्याकडून शिकला असावा. आणि तुझा डबा. तो हिरव्या फुलांचा, चार पुडांचा, पांढऱ्या मुलाम्याचा डबा ईदच्या आदल्या संध्याकाळी तू दिलास तेव्हापासून ओट्यावर बसून आहे. धुऊन, पुसून ठेवल्यापासून मी त्याच्या कडीला हात लावलेला नाही. त्याच्यामुळे मला भाजी चिरायला जागा उरत नाही आणि मी ती मांडीवर ताट घेऊन चिरतो. इबू जाता येता त्याच्याकडे बघते. "रासचा डबा अजून इथेच?" इतकंच म्हणते. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, हे तिनंच आपल्याला शिकवलंय, त्यामुळे तिचा प्रश्न म्हणजे प्रश्न नसतो.

तुला आठवतं ना हे सगळं सुरू कसं झालं? गेल्या वर्षीची ईद. इबू वेताच्या खुर्चीत बसलेली, आपण सगळे रांगेत, वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून 'आतून बाहेरून माफ करा' म्हणायला. तू गुडघ्यांवर बसलीस, इबूच्या मांडीवर डोकं ठेवलंस, आणि मग तुला उठता येईना. एकदा प्रयत्न केलास, दुसऱ्यांदा केलास. शेवटी दोन भाच्यांनी काखेत हात घालून तुला उभं केलं. मागून कुणीतरी खुसखुसलं. तू स्वतःच आधी हसलीस, नेहमीप्रमाणे, म्हणजे लोकांची पंचाईत नको. मी तर त्या वर्षी खाली बसलोच नव्हतो. गुडघा दुखतोय असं सांगून उभ्यानंच वाकून इबूचा हात कपाळाला लावला होता. लोक गेल्यावर तू भांडी विसळत होतीस आणि आपल्या थोरल्या भावाकडे न बघता म्हणालीस, "मास, पुढच्या ईदला मी स्वतः बसणार आणि स्वतः उठणार. कुणाचा हात नको. तू आहेस का सोबत?" माझ्या तोंडात त्या वेळी तळलेलं केळं होतं, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

मग तुझं स्वयंपाकघर सुरू झालं. शाळेत बालवाडीच्या पोरांना गाणी शिकवायला जाताना तू स्कूटर फाटकाशी थांबवायचीस, हॉर्न वाजवायचीस आणि डबा माझ्या हातात देऊन चेहरा वाचायचीस, काल रात्री काय खाल्लंय ते. तळाच्या पुडात मूठभर लाल भात. वर केळीच्या पानात वाफवलेला मासा, लेमनग्रास आणि टोमॅटो घातलेला. पालक आणि मक्याच्या कणसाचं पाण्यासारखं सूप, जे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात धुवायला दिलंय असं वाटलं. आंबवलेल्या सोयाबीनचं तेम्पे, तेही न तळलेलं. नारळाच्या दुधाचा थेंब नाही, साखरेचा कण नाही. सोलोच्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोर्टालासुद्धा देता येत नाही. मी पहिल्या आठवड्यात डबा परत करताना रीतीप्रमाणे त्यात कोपऱ्यावरच्या गाडीवरची भजी भरून पाठवली. संध्याकाळी तुझा फोन. "मास, तू मला मदत करतोयस की माझा सूड घेतोयस?" डबा रिकामा पाठवता येत नाही आणि विकतचं चालत नाही, म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाला या वयात पालक निवडायला शिकावं लागलं. तू माझं जेवण करायचं, मी तुझं, म्हणजे दोघांनाही लबाडी करता येणार नाही, हा तुझाच कावा होता. माझं पहिलं सूप तू पूर्ण संपवलंस. नंतर इबूनं चाखलं तेव्हा मला समजलं की त्यात मीठच नव्हतं. तू काही बोलली नव्हतीस.

आणि लग्नांतल्या त्या 'उडत्या ताटल्या'. आपल्या गावात पाहुण्यांनी जाग्यावर बसायचं आणि वाढपी ताटल्या हातांवर नाचवत एकामागून एक आणत राहतात: चहा आणि गोड, मग सूप, मग भात, मग बर्फाचं सरबत. सूत्रसंचालकाला तर प्रत्येक खेपेला मान म्हणून आधी. रविवारी दोन लग्नं असली की माझ्या अंगावर आठ ताटल्या उतरायच्या. तू म्हणालीस, एकच उतरू द्यायची, बाकीच्या उडू द्यायच्या. मी दर लग्नातून तुला बातमी पाठवायचो, 'तीन उडाल्या, एक उतरली', आणि तू लगेच, 'कोणती उतरली ते सांग, मग शाब्बास म्हणते.' एकदा मी सरबताची ताटली उडवली आणि पोरकटासारखी तुझ्या शाब्बासकीची वाट बघत मंचामागे उभा राहिलो, नवरीची आई मला शोधतेय याचं भान न ठेवता. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही.

वर्षभर हे चाललं. तू माझ्यापेक्षा जास्त नेटानं केलंस. पहाटे मैदानाला फेऱ्या, शाळेत कुणाचाही वाढदिवस असो, केकचा तुकडा रुमालात बांधून शेजारच्या पोराला. तुझे सगळे झगे तू स्वतः उसवून आत घेतलेस. घरी खाली बसून उठायचा सराव करतेस हेही मला माहीत होतं, एकदा फोनवर धाप लागलेली ऐकू आली तेव्हा विचारलं तर म्हणालीस, "जमीन पुसत होते."

आणि मग यंदाची ईद. मी थोरला म्हणून पहिला गेलो, आणि पुन्हा गुडघ्याचं निमित्त सांगून उभ्यानंच वाकलो. माझ्यामागे तू. तू हळूच गुडघे टेकलेस, इबूच्या मांडीवर डोकं ठेवलंस, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटलीस, तिनं तुझ्या केसांवरून हात फिरवला. मग तू एक पाय पुढे घेतलास, तळवा जमिनीवर रोवलास आणि उभी राहिलीस. एकटी. भाचे पुढे झाले होते, त्यांचे हात तसेच हवेत राहिले. खोलीत क्षणभर कुणी काही बोललं नाही. ती शांतता तुझी होती, लारास. वर्षभर पाण्यासारखं सूप पिऊन तू ती कमावली होतीस. आणि मी माझा तो मांडवातला आवाज काढला आणि म्हणालो, "उपस्थितांना नम्र विनंती, गेल्या वर्षी मागवलेली क्रेन आता परत पाठवण्यास हरकत नाही."

लोक किती हसले ते तुला माहीत आहे. यू पार्तीला खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. मी असं का बोललो याचं कारण मी गेले कित्येक दिवस शोधतोय. चारचौघांत डोळे पुसण्यापेक्षा मला विनोद करणं सोपं गेलं, असं एक उत्तर मी तयार केलं होतं. ऐकायला चांगलं आहे, अर्धं खरंही आहे. पण उरलेलं अर्धं असं की तू उठलीस आणि मी खाली बसलोसुद्धा नव्हतो, आणि खोलीतल्या कुणाच्या ते लक्षात यायच्या आत मला सगळ्यांना दुसरीकडे बघायला लावायचं होतं.

तू हसलीस. मग तू जे केलंस ते मला झोपेतही दिसतं. इबूनंतर थोरला भाऊ म्हणून तिच्या शेजारच्या खुर्चीत मीच बसलो होतो. धाकट्यानं मोठ्याची माफी मागायची. तू माझ्यासमोर आलीस, पुन्हा खाली बसलीस, माझा हात कपाळाला लावलास आणि म्हणालीस, "मास, माझं काही चुकलं असेल तर आतून बाहेरून माफ कर." आणि मी, माईकशिवायही माईकवर असल्यासारखा, म्हणालो, "केलं माफ." लोक पुन्हा हसले. दुसऱ्यांदा उठताना तू माझ्या खुर्चीचा हात धरलास. ते फक्त मी पाहिलं.

त्यानंतर तू नारळाच्या दुधातली कोंबडी वाढून घेतलीस, पानात विणून शिजवलेल्या भाताच्या पुड्या एकीवर एक, वरून रस्सा, आणि सगळ्यांच्या देखत खाल्लंस. कुणीतरी म्हणालं, "आज सुट्टी वाटतं." तू मान डोलावलीस.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला नाही. तिसऱ्या दिवशी मी आपणहून काही करायला हवं होतं. मी तुला चित्र पाठवलं, लग्नातल्या ताटल्यांचं. तू हात पाठवलेस. मागच्या आठवड्यात मी एका लग्नाला निघालो होतो, पूर्ण पोशाखात, मोटारसायकलवर. तुझ्या शाळेजवळच्या तळणीच्या गाडीशी तू उभी होतीस, रस्त्याकडे पाठ करून, कागदातून खात होतीस. घाईघाईनं. मी थांबलो नाही. पुढच्या वळणावर थांबलो, परत फिरायला हवं असं स्वतःला सांगितलं, आणि लग्नाला गेलो. तिथे मी चार ताटल्या उतरवल्या. कुणाला कळवायचंच नव्हतं. पट्टा तरीही सैलच आहे, याचं मला वाईट वाटतं. माझ्या हातून झालेलं माझ्या कमरेवर तरी दिसायला हवं होतं.

आता हे पत्र का, ते सांगतो. परवा इबूला भात भरवताना मी सहज विचारलं की रास त्या दिवशी तुझ्या कानात काय म्हणाली. तशी ती सांगत नाही. मांडीवर डोकं ठेवून मागितलेलं कुणी दुसऱ्याला सांगायचं नसतं. पण चिडली होती माझ्यावर, भात पुन्हा कडक झाला होता. म्हणाली, "ती म्हणाली, इबू, पुढच्या वर्षी मासला घेऊन येते खाली. उठता येणार नाही म्हणून तो बसायला घाबरतो, कुणाला सांगू नकोस." एवढं बोलून तिनं तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी.

म्हणून आज पहाटे, त्या कोंबड्याच्याही आधी उठून मी तुझा डबा भरला. मासा एका कोपऱ्याला पान फाटून जरा लागलाय, तो तुकडा मी माझ्याकडे ठेवलाय. सुपात या वेळी मीठ आहे. भात मऊ आहे, इबूनं तपासला. मोठ्यानं धाकट्यापुढे गुडघे टेकायची रीत आपल्याकडे नाही, आणि मी ती मोडायला येतोय असं कुणाला सांगू नकोस. पण तुझ्या दाराची पायरी फार खाली आहे, आणि सूप न सांडता डबा ठेवायचा तर मला तिथे गुडघ्यांवर बसावंच लागेल. बसलो की उठायला थोडा वेळ लागेल. तू आतून आवाज ऐकलास तरी दार उघडू नकोस. हात नको आहे. खिडकीतून बघायला हरकत नाही. क्रेनचं तुला आठवलं तर मोठ्यानं बोल, यू पार्तीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पत्र डब्याच्या कडीला बांधतोय. डबा धुवायची घाई करू नकोस. फक्त तो माझ्याकडे परत येताना रिकामा येत नाही, एवढं असू दे.

तुझाच,
मास बाग्यो