रस्त्याच्या अलीकडची शाळा

कोल्हापूर,
मे अखेर

प्रिय मधू,

आधी काकूंच्या पायाचं सांग. प्लॅस्टर निघालं का? निघालं असलं तरी लगेच त्यांना जिना चढू देऊ नकोस. त्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत हे मला ठाऊक आहे, तुझ्यात तरी ते आलंय कुठनं! तू रजा टाकून हुपरीला गेल्यापासून इथं माझ्याशी भांडायला माणूस नाही. शाळेत सगळे गोड बोलतात. भर सुट्टीत बोलावून घेतात आणि वर गोड बोलतात, नुसता वैताग आलाय. फोनवर तू दोनदा विचारलंस, आवाज असा का म्हणून. मी सर्दी झालीय म्हणाले. सर्दीबिर्दी काही नव्हती गं.

यंदा पोरं गोळा करायला एकटीच फिरले. मागच्या मे महिन्यात आपण दोघी तुझ्या स्कूटीवरून गेलतो, ते आठवून एका दारात मला हसूच फुटलं. एकाच संस्थेची दोन हायस्कुलं, दोघींनाही आपापला पट भरायचा, नाहीतर कुणीतरी अतिरिक्त ठरणार. आणि आपण दोघी एकाच ओसरीवर बसून एकाच तांब्यातलं पाणी पीत एकमेकींची गिऱ्हाइकं पळवतोय. ती म्हातारी काय म्हणाली होती, "म्याडम, कुठल्या शाळंत घालायचं ते तुमी भाईर जाऊन ठरवा आन् मग आत या की." शेवटी आपण रस्त्यात उभं राहून वस्तीच वाटून घेतली. हायवेच्या अलीकडची पोरं तुझ्या माळावरच्या शाळेला, पलीकडची माझ्या चौकातल्या शाळेला. असलं वाटप कुठल्या अधिकाऱ्याला सुचलं नसतं.

त्याच दिवशी आपण अण्णासोंच्या घरी गेलो. त्यांची नात, अक्षता, सातवी पास होऊन घरात बसली होती. महापालिकेची शाळा सातवीला संपली, पुढं पाठवायचं नाही, असं म्हाताऱ्यानं ठरवून टाकलेलं. तुला राग आला होता, मला त्याहून जास्त. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून हा माणूस पोरीला शिकवत नाही म्हणतोय, आणि तोही आमच्यातला. मग अक्षताच्या आईनं, शेवंताबाईंनी, हळूच सांगितलं की त्यांचा नवरा, सूरज, दुसऱ्या पाळीहून परत येताना तो हायवे ओलांडताना गेला. सायकल तेवढी घरी आली. त्यानंतर अण्णासोंनी घरातलं कुणी पायी किंवा दोन चाकांवरून रस्त्यापलीकडं जाऊ दिलं नाही. शेवंताबाई फाउंड्रीत जातात त्यासुद्धा कंपनीच्या गाडीनं. तुझी शाळा रस्त्याच्या अलीकडं, हे तू त्यांना पटवलंस, आणि अक्षता आठवीत आली. ती आठवी तिनं कशी केली ते मी तुला सांगायला नको. तू तिची वही माझ्या नाकासमोर नाचवायचीस.

मग फेब्रुवारीत संस्थेच्या अध्यक्षांनी, अमरसिंहदादांनी, मला बोलावलं. उपनगरातली संस्थेची चारी हायस्कुलं बघा, तुलना करा आणि लिहून द्या, म्हणाले. मी केवढी फुशारले होते, आठव. नवी साडी नेसून फिरले. तळ्याजवळच्या शाळेत प्रयोगशाळा आहे, सूक्ष्मदर्शक आहेत, पण विज्ञानाचा शिक्षक निवृत्त झाला तो झालाच, कपाटाची किल्ली कुणाकडं हे कुणाला सांगता येईना. कारखान्यांकडच्या शाळेत आपल्या बी.एड.चे बंडू सर विज्ञान शिकवतात, अगदी जीव तोडून, पण प्रयोगशाळेत पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली, सर फळ्यावर बेडूक काढतात. माझ्या शाळेत कंपनीनं दिलेले संगणक आहेत, शिपाईमामा ते रोज पुसतात, आणि त्या खोलीत वीज नाही. आणि तुझी शाळा! पत्रे गळके, दोन खोल्यांना चिरा, मुलींच्या शौचालयाला बादलीनं पाणी. पण चारी शाळांत मुलींची हजेरी सगळ्यात चांगली कुठं, तर तुझ्याकडं, कारण घरातून निघालं की शाळा. मी हे सगळं लिहिलं. चारी शाळांची मिळून एक केली तर एक बरी शाळा होईल, असं मी तुला चहा पिताना हसत म्हणाले होते. जीभ झडावी माझी.

तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही हं. आपल्याकडं सगळे तेच करतात. गळतंय तिथं कोसळतंय असं लिहायचं, तेव्हा कुठं चार पत्रे पदरात पडतात. तू म्हणालीस, निशे, चांगलं रंगवून वाईट लिही, यंदा तरी छप्पर होऊ दे. फोटोत चीर नीट दिसावी म्हणून तूच पट्टीनं गिलावा उकरलास, आणि मी खाली 'खोल्या धोकादायक' असं लिहिलं. किती हसलो आपण! पोरी पावसाळ्यात कोरड्या बसतील, एवढंच मनात होतं दोघींच्या.

गेल्या आठवड्यात संस्थेची सभा झाली. दादांनी मी लिहिलेलंच वाचून दाखवलं, पण माळावरच्या शाळेच्या दोन खोल्यांपुरतंच. मुलींच्या हजेरीचं काही वाचलं नाही. पोरांच्या जिवाला धोका असताना तिथं वर्ग भरवणं बरोबर नाही, म्हणाले, आणि जूनपासून तुझी शाळा चौकातल्या शाळेत मिसळायची असं ठरलं. मी उठले. म्हटलं, दादा, धोका असा काही नाही, साध्या चिरा आहेत, मी जरा वाढवून लिहिलं होतं. ते माझ्याकडं बघून हसले. "मग खोटं लिहून दिलं व्हय, म्याडम?" एवढंच म्हणाले. सगळी सभा माझ्याकडं बघत होती. मी खाली बसले, मधू. त्या जागेचं आधीच काहीतरी ठरलेलं असणार असं बंडू सर बाहेर आल्यावर म्हणाले. असेलही, मला माहीत नाही. तुला पत्र येईलच संस्थेचं. तू सेवेत ज्येष्ठ, म्हणून तू माझ्या शाळेत येणार, आणि मी अतिरिक्त, तिकडं लांब नेसरीला जाणार. त्याचं मला फार नाही. नेसरीतही पोरंच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अण्णासोंकडं गेले. वाटलं, कुणाकडून कानावर जाण्याआधी आपणच सांगावं. म्हटलं, मी नेईन स्कूटीवरून, रोज नेईन आणि आणून सोडीन. ते म्हणाले, तुझी बदली झालीय म्हणं. वस्तीत बातमी माझ्याआधी पोचली होती. शेवंताबाईंनी हायवेच्या पुलाखालच्या वाटेचं काढलं, पण ती पावसाळ्यात गुडघाभर भरते आणि तिथं कसली माणसं बसतात हे सगळ्यांना माहीत आहे, मग त्यांनीही ते सोडून दिलं. मी वाद घातला. शिक्षणाचं सगळं सांगितलं, जे आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आले ते सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, तू म्हंतीस ते खरंच हाय. पर एक दिला त्या रस्त्याला. दुसरी न्हाय देत." मला त्यांचा राग यायला हवा होता, तोही आला नाही. उठून आले.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. काल अक्षताची मावशी येऊन तिला हुपरीला घेऊन गेली. तुमच्या मागच्या गल्लीतच घर आहे तिचं. चांदीचं काम चालतं घरी, पैंजणांना घुंगरं जोडायला हात हवे होते. आता ती तिथंच राहणार, अण्णासोंनी आणि मावशीनं तसं बोलून घेतलंय. पण पोरीला हे कुणी सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, सुट्टीपुरतंच आहे. मला बसस्टॉपवर भेटली, खुशीत होती, म्हणाली, "मधू म्याडम तितंच हाईत, जूनला त्यांच्यासंगंच येती." पिशवीत तिनं नववीचं गणिताचं पुस्तक घेतलंय, कुणाचं तरी जुनं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बस सुटेपर्यंत उभी राहिले. मीही तिला खरं सांगितलं नाही. आज ना उद्या ती तुझं घर शोधत येईल आणि शाळा कधी सुरू होणार म्हणून विचारेल. ती दारात उभी असताना तुला हे कळायला नको.

तुझीच,
निशी