ऑस्करचा रविवारचा उपवास

१२ मे, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे अहवाल लिहिले, आता स्वतःचा. निमित्त ऑस्कर. लॅब्रॅडॉर, वय दोन, रंग बिस्किटासारखा. आमच्या आदितीला पुण्यात नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला कुत्रा चालत नाही, म्हणून लेकीनं परवा तो कोल्हापुरात आमच्याकडं आणून सोडला. जाताना म्हणाली, पप्पा, दिवाळीत बघायला येते. नीट राहिला नाही तर दुसरीकडं सोय करते. मला, बाबासो चौगुलेला, हे सांगायची गरज नव्हती.
संकल्प: कुत्रा जैनांच्या घरात आलाय, जैनांसारखा राहील. मांस-अंडं नाही. कांदा-लसूण नाही (कुत्र्यांना तो तसाही बाधतो असं वाचलं). दिवस मावळायच्या आत जेवण. पद्मावती म्हणाली, अहो, कुत्रं हाय ते. मी म्हटलं, घरचं वळण लागतं. ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

१५ मे, बुधवार
व्हॉट्सॲपवर श्वानप्रेमींच्या ग्रुपला जॉईन झालो. लोकांचं अज्ञान बघून वाईट वाटलं. ऋतुमानाप्रमाणे टिप्स द्यायचं ठरवलंय, पुढं पुस्तिका काढू. टिप एक: उन्हाळ्यात सकाळी सातनंतर कुत्र्याला डांबरावर चालवू नये. आधी आपला तळहात रस्त्यावर टेकवून बघावा. दुपारी एकला टेकवून बघितला. फोड आलाय. टिप बरोबर आहे.
पेन्शनरांच्या बैठकीहून आलो तर ऑस्करनं मूगडाळ-भाताला तोंडही लावलं नव्हतं. उन्हाळा. रविवारीही असंच झालेलं.

१९ मे, रविवार. दुपारी ४.२०
आज पुन्हा. मंदिरातनं प्रवचन ऐकून आलो तर भांडं जसंच्या तसं. वर साजूक तूप सोडलं, हुंगून पाठ फिरवली. चेहरा मात्र समाधानी. पाय वर करून पडलेला. रविवार, बुधवार, रविवार. बाकी दिवशी जेवतो. आधी काळजी वाटली, मग एकदम लक्षात आलं.
ऑस्कर उपवास धरतो.
पद्मावतीला सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला, डोळ्यांत पाणी आलं, खांदे हलत होते. बाई हळवी आहे.

९ जून, रविवार
उपवासाचं ग्रुपवर टाकलं. सत्तावीस जणांनी हात जोडले.
शेजारी उदयसिंह राहतात, मधे कमरेएवढी भिंत. माणूस दिलदार, पण रविवार-बुधवार त्यांच्यात मटण शिजतं आणि आम्हाला खिडक्या लावून घ्याव्या लागतात. अशा वासात ऑस्कर त्या भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून, हूं की चूं न करता बसतो. लाळ गळते, पण हलत नाही. मला सामायिकात, म्हणजे ध्यानाला, पंधरा मिनिटं बसवत नाही.
उदयसिंह भिंतीवरनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणाले, अण्णा, कुत्रं लई गुणाचं हाय की तुमचं. ऑस्कर त्यांचा हात बराच वेळ चाटत होता. सगळ्यांवर सारखी माया. ते त्याला ऑस्कऱ्या म्हणतात. मी दोनदा उच्चार सुधारून दिला.

२९ जून, शनिवार
पावसाळ्याआधीची लस. डॉक्टर म्हणाले, अंगावर तेज आहे, अंडी-मटण देताय तसंच द्या, फक्त शिजलेलं हाड देऊ नका. मी म्हटलं, डॉक्टर, हा शुद्ध शाकाहारी आहे, वर आठवड्याला दोन उपवास. डॉक्टरांनी पद्मावतीकडं बघितलं. पद्मावतीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग डॉक्टर म्हणाले, जे काय चाललंय ते चालू द्या. वैद्यकीय मान्यता मिळाली. ग्रुपवर टाकलं.

२१ जुलै, रविवार
चातुर्मास लागला. इकडं ऑस्करचे उपवास वाढलेत, आठवड्याला चार. पंचांग बघता येत नसताना हे कळतं कसं? शेजारी आषाढ म्हणून रोज पाहुणे आणि रोज फोडणी. त्या दंग्यात याचा निग्रह. लाज वाटली. उद्यापासून मीही एकभुक्त.
टिप: पावसात फिरवून आणल्यावर पंजे कोरडे करावेत, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघावी, डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नये.

२२ जुलै, सोमवार. सकाळी १०.४०
पोहे खाल्ले. थंडी फार आहे. शिवाय ऑस्करला सकाळी कामं नसतात.

४ ऑगस्ट, रविवार
आषाढी अमावास्या. आज इतका कडक उपवास झाला की त्याला उठवेना. मान उचलून माझ्याकडं बघितलं, ढेकर दिली आणि परत आडवा. उपासात पित्त होतं.

११ ऑगस्ट, रविवार
काय झालंय कळत नाही. श्रावण लागल्यापासून एकही उपवास नाही. दोन भांडी डाळ-भात, वर माझ्या ताटातली भाकरी, वर माझी एक चप्पल. आणि भिंतीपाशी जाऊन रडतो. जगानं धरायचा महिना आणि यानं सोडायचा. पहिल्यांदाच रागावलो. म्हटलं, लोकांना काय तोंड दाखवू? तो उठून बाहेर गेला.
मग वाईट वाटलं. निवृत्तीनंतर दिवसभर बोलायला मला दुसरं आहे कोण? पद्मावतीला काम असतं. ऑस्कर ऐकून घेतो. दुपारी जाऊन माफी मागितली. एवढं तप झाल्यावर पारणं असणारच.

८ सप्टेंबर, रविवार
आमच्या समाजाच्या युवक मंडळाचा सेक्रेटरी अनेकांत घरी आला. ग्रुपवरच्या माझ्या पोस्ट त्यानं वाचल्यात. म्हणाला, काका, पर्युषण झाल्यावर सगळे एकमेकांची क्षमा मागतात, त्या क्षमावाणीच्या कार्यक्रमात ऑस्करचा सत्कार करूया. आधी तुमच्या घरी शाल घालून फोटो, मग सभागृहात तुमचं भाषण. तारीख बावीस, रविवार. मी आढेवेढे घेतले. सव्वा मिनिट.
पद्मावती म्हणाली, अहो, नको. मी विचारलं का. म्हणाली, उगंच. बायकांना नवऱ्याचं मोठेपण पचायला वेळ लागतो.

१८ सप्टेंबर, बुधवार
काल गणपती गेले. भाषण अकरा पानं झालंय. विषय: ऋतू, कुत्रा आणि संयम. दिवाळीत आदिती आली की तिला फोटोच दाखवतो. सोय करते म्हणे.

२२ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३
लिहू नये असं वाटतंय. पण अहवाल तो अहवाल.
अकराला अनेकांत आणि मंडळाचे चौघं आले. अंगणात ऑस्करला शाल घातली. मी म्हटलं, फोटोआधी दोन शब्द. दुसऱ्या पानावर होतो, तेव्हा शेजारी कुकरची शिट्टी झाली. ऑस्करचा कान वर. दुसऱ्या शिट्टीला उभा राहिला. तिसऱ्या शिट्टीला शालीसकट भिंतीपलीकडं.
पलीकडनं उदयसिंहांचा आवाज आला: आलास व्हय रं ऑस्कऱ्या? श्रावण, गणपती, सगळं पाळलं की लेका तू आमच्यासंगं. आन् ही शाल कुणी घातली? त्यांच्या घरातनं संयोगिता वहिनींनी सांगितलं, आधी ताट ठेवा त्याचं, मग बोला.
त्याचं ताट. मी भिंतीवरनं वाकून बघितलं. स्टीलचं, काठाचं. लग्नात भांड्यावर घालतात तसं नाव घातलेलं: ऑस्कर यास, आदितीकडून, अक्षय्यतृतीया. म्हणजे दहा मे. ही वही सुरू व्हायच्या दोन दिवस आधी.
अनेकांत हसला नाही, हे त्याचं चांगलं. शाल मागायला भिंतीपर्यंत गेला, आत बघून परत आला. म्हणाला, काका, उत्तम क्षमा. आणि गेले सगळे.
पद्मावतीला विचारलं. तिनं लपवलं नाही. म्हणाली, पिल्लू असल्यापास्नं त्याला तेच लागतंय. आदितीनं जातानाच उदयसिंहांना सांगून ठेवलेलं, डॉक्टरांनाबी ठावं हाय. तुम्ही भाईर गेला की मीच त्याला भिंतीवरनं पलीकडं देत हुते. मी म्हटलं, मला का सांगितलं नाही? म्हणाली, तुम्ही त्याला पाठवून दिलं असतं. आन् निवृत्तीनंतर तुम्हाला एवढं बोलताना पहिल्यांदा बघितलं.
म्हणजे लेक, बायको, डॉक्टर, शेजारी, कुत्रा. सगळ्यांचं ठरलेलं. मलाच तेवढं बैठकीला बोलावलं नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार
भिंतीवर पत्रा ठोकला. गेटला कुलूप. आदितीचे चार फोन, उचलले नाहीत. ग्रुप सोडला. बाहेर पडताना दिसलं, एकोणीस जणांनी विचारलंय, सत्काराचा फोटो कुठं आहे.
संकल्प: ऑस्करशी बोलायचं नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार
शेजारी शिट्टी झाली. ऑस्कर पत्र्याला डोकं लावून बसला. मी पनीर दिलं, नाही. दूध-भाकरी, नाही. मंगळवारीही काही खाल्लं नव्हतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
तीन दिवस नुसतं पाणी. आज थोडं दूध चाटलं, ते पद्मावतीच्या हातनं. मी जवळ गेलो की शेपटी एकदा हलवतो आणि तोंड पत्र्याकडं. हा उपवास मात्र खरा आहे. मला त्याचा काडीचाही अभिमान वाटत नाही.
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, चौगुले, तुमचा राग कुत्र्याला कळत नाही, त्याला फक्त भूक कळते. आदितीही पद्मावतीच्या फोनवर बोलली. रडत होती. म्हणाली, दिवाळीपर्यंत थांबत नाही, ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे, तिथं ठेवते त्याला. मी म्हटलं, कुत्रा कुठं जाणार नाही. आवाज जरा चढला. नंतर बराच वेळ पत्र्याजवळ बसलो होतो.

२९ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी
प्रवचनाला गेलो नाही. पत्रा काढला. स्वतः. मग वाटलं, भिंतीवरनं चोरून कशाला? पट्टा लावला आणि पुढच्या दारानं उदयसिंहांकडं गेलो. ते म्हणाले, या अण्णा, बसा की. म्हटलं, याला वाढा. बाहेरच्या कट्ट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसलो. मागं खाण्याचा आवाज येत होता. वहिनींनी कपभर दूध आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.
वाटलं होतं, जेवल्यावर माझ्याकडं येईल. मीच तिथं आणलं होतं ना त्याला? उदयसिंहांच्या पायांवर मान टाकून झोपला. तासभर थांबलो. उदयसिंह म्हणाले, असू दे, उठल्यावर धाडतो. जेवणानंतर कुत्र्याला पळवू नये, अशी टिप मीच दिलेली आहे. पट्टा घेऊन परत आलो.
पद्मावती फोनवर आदितीशी बोलत होती. व्हय, जेवला, पोटभर जेवला, आता काळजी करू नको. दोघी हसत होत्या. मी समोरच्या खुर्चीत बसलो. फोन पाऊण तास चालला. ऑस्करची दिवाळीतल्या फटाक्यांची भीती, थंडीतलं अंथरूण, सगळं ठरलं.
मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. कुणीतरी विचारेल म्हणून थांबलो होतो. आता दिवस मावळला, म्हणजे जेवताही येणार नाही.