तीन नंबरचं इंजिन वळणावर थांबतं

बाबा, गाडी चालू झाली. चालू होऊन अकरा दिवस झाले आणि मी हे अजून कोणालाच सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसली. तुम्ही म्हणाल, कोणती गाडी वं? तुमची अकोटची लहान लाइन तर केव्हाच उखडली, आता तिथं मोठे रूळ आहेत. ही माझ्या घरातली गाडी, अमरावतीच्या, वरच्या खोलीत, टेबलावर. इंजिन माझ्या वीतभरही नाही. चार डबे, एक पूल, आगपेटीएवढं स्टेशन आणि त्या स्टेशनात बाकड्यावर बसलेला एक माणूस, ज्याची गाडी कधीच येत नाही, म्हणजे येते पण तो उठत नाही. मी त्याला रोज म्हणते, "ऊठ ना रे भाऊ, गेली तुही गाडी!"

हा सगळा खेळ तुमच्या नातवाचा. तुम्ही त्याला पाहिलं नाही. घरूनच काम करायचा तेव्हा दोन वर्षं माझ्यापाशी राहिला, तेव्हा त्यानं मांडला, आणि मग परदेशात नोकरी लागली. जाताना म्हणाला, "आई, आठवड्यातून एकदा फिरवत जा, नाहीतर जाम होते." मी फिरवते. आता तर मले सगळं येते, बाबा. तुम्ही मला चौथीनंतर काढलं शाळेतून, पण हे पाहिलं असतं तर हसले असते. या गाडीच्या रुळातून वीज जाते आणि त्याच रुळातून हुकूमही जातो. इंजिनाच्या पोटात नखाएवढी चकती आहे, डिकोडर म्हणतात, ती हुकूम ऐकते. प्रत्येक इंजिनाला आपला नंबर. आपल्याचा तीन. माझ्या हातात कंट्रोलर असतो, त्यावर तीन दाबलं की तीनच नंबर ऐकतो, बाकीचे ढिम्म उभे. आमच्या घरात असं कोणी ऐकलं नाही कधी, हे होते तेव्हाही नाही.

रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, चेहरा दिसतो तो. गाडी बरी असली की पाच मिनिटं. "चालते ना? बरं. औषध घेतलं ना? बरं. ठेवू?" त्याची चूक नाही, त्याला कामं आहेत, आणि मला तरी काय सांगायचं असते, दूधवाला बदलला एवढंच. पण दसऱ्यानंतर गाडी थांबायला लागली. पूल ओलांडून वळणावर आली की दिवा फडफडतो आणि उभी. ढकलली की पुन्हा निघते, जसं काही झालंच नाही. त्या रविवारी तो दोन तास बोलला, बाबा. दोन तास! "आई, लाल दिवा लागला का कंट्रोलरवर? नाही? मग शॉर्ट नाही. नंबर पुन्हा टाक. आता डिकोडर रिसेट करू, मी सांगतो तसं दाब." मी चष्मा लावून दाबत होती. चुकलं की तो म्हणे, "आई, आठ नाही गं, आठच्या खालचं!" आणि मी म्हणे, "आठच्या खाली सात असते की नऊ, सांग ना लेका!" किती हसला. रिसेट व्हायला वेळ लागते, तोवर त्यानं तिकडे डाळ टाकली आणि मला विचारलं, हिंग आधी की मोहरी. लहानपणी ओट्याशी उभा राहून विचारायचा तसंच. त्याला वाटत होतं, त्यानंच तिकडून सांगितलेल्या कुठल्या आकड्यात गडबड आहे. पुढच्या रविवारी पुन्हा दोन तास.

मग एका बुधवारी मी एकटीच वर गेली. सकाळी एक पोळी उभ्यानंच खाल्ली होती. एकटीसाठी ताट कोण वाढून घेते. मनात आलं, दुसरं इंजिन लावून पाहू, सात नंबरचं. लावलं. तेही तिथंच थांबलं, त्याच वळणावर. आणि बाबा, मला तुमचा आवाज आला, खरंच. मी आठ-नऊ वर्षांची आहे, मायनं भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून दिला आहे, मी रुळाच्या कडेनं चालत तुमच्यापर्यंत येते. तुम्ही चावीवाले. रोज तेवढी लाइन पायी चालायची, रूळ धरून ठेवणारी एकेक चावी लांब दांड्याच्या हातोड्यानं ठोकायची, सैल असली की घट्ट करायची. गाडी येते, आपण बाजूला होतो, एका सांध्यावर डबे हिसका खातात आणि मी शहाणी म्हणते, "बाबा, गाडीच खराब आहे." तुम्ही माझ्याकडे असे पाहता की भाकर हातातून पडावी. "गाडीले काहून बोल लावतं वं? गाडी येते अन् जाते. रूळ आपला हाये. पहिले रूळ पाह्य." मग हातोडा माझ्या हातात दिला. घट्ट सांधा टण् म्हणतो, सैल सांधा थप् म्हणतो. दिवसभर मी टण् आणि थप् करत फिरली आणि रात्री मायनं विचारलं, "पोरीले काय झालं?"

तर मी चहाचा चमचा घेतला आणि रूळ ठोकत निघाली. टण्, टण्, पुलावर टण्, आणि वळणाच्या सांध्याशी थप्. वाकून पाहते तर काय, सांध्यात पिवळं-लाल काहीतरी वाळून बसलेलं. हात लावला आणि माझंच मला हसू आलं. दसऱ्याला तुम्ही हातोडा, पाना, झेंडी पाटावर मांडून पुजायचे, आणि एका वर्षी हातोड्याला कुंकू लावायचा मान मला दिला होता. पोरीच्या हातानं काहून, म्हणून काका कुरकुरले होते, तर तुम्ही म्हणाले, "लाइन तिले वळखते." म्हणून यंदा मीही गाडीची पूजा केली. इंजिनाला फूल, रुळाला हळदकुंकू, आणि तुम्ही सांध्याच्या पट्ट्यांना तेल द्यायचे ते आठवून त्या वळणाच्या सांध्याला गोडेतेलाचं बोट. तुमच्या रुळाला तेल लागते, बाबा. या रुळाला ते विष. तेल पट्टीच्या आत शिरलं, हळद चिकटली, आणि पुढच्या तुकड्याला ना वीज पोचे ना हुकूम. बिचारं इंजिन बहिरं होऊन उभं राहायचं.

सुईनं पट्टी सरकवली, त्यानं ठेवलेल्या स्पिरिटनं जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पुसली, पुन्हा बसवली. ठोकली. टण्! तीन नंबर लावला. पूल, वळण, आणि गेली की सरळ, दिवा लावून, एकदा, दोनदा, वीसदा. मी एकटीच टाळ्या वाजवत होती. मग टाळ्या थांबल्या आणि खोलीत फक्त गाडीचा आवाज. मागे वळून पाहिलं, कोणाला तरी सांगावं म्हणून. दाराशी माझ्याच चपला.

आज रविवार. फोन आताच ठेवला, पावणेदोन तास झाले. त्यानं एक जाडं पुस्तक मागवलं आहे गाडीसाठी, त्यातलं वाचून दाखवत होता. मध्येच म्हणाला, "आई, तू थकली नाहीस ना? मला खरंच बरं वाटतं गं असं तुझ्यासोबत शोधत बसायला." मी म्हटलं, "शोधू ना, काय घाई हाये."

हे पत्र कुठं टाकणार, डब्यात घालून ठेवते, पिठाच्या नाही, डाळीच्या. तुम्ही रागावाल ते माहीत आहे. लाइन सैल असली तर तुम्ही जेवायला बसत नव्हते. माझी लाइन घट्ट आहे, बाबा. तो तिकडून पाहत असतो, इंजिन पूल ओलांडते, वळणावर येते, आणि कंट्रोलर फोनच्या मागे धरून थांबायचं बटण मीच दाबते.