अक्काच्या खड्ड्यातले मासे

मंगळवार संध्याकाळ, मे १९९४

मोठा घोळ करून बसलोय. आमची मालिनीअक्का पीएच.डी. झाली, आता कोरड्या नद्यांवर संशोधन करते. कावेरीच्या वाळूत खड्डे खणून खालच्या पाण्यात काय जगतं ते बघते. सकाळी गंमत म्हणून मी तिच्या खड्ड्यात देवळाच्या तळ्यातले दोन मासे सोडले. वाटलं, हसेल.

ती नाचलीच! एसटीडी बूथवरून तिच्या ऑफिसातल्या मोठ्या सरांना फोन. "सर, वाळूखाली मासे!" तिला पाण्यातल्या बारीक किड्यांचं कळतं, माशांचं नाही. सर उद्या येतायत, तळ्यातले मासे बघताक्षणी ओळखतील. मग तिची नोकरी? अय्यो, ते मासे तिने ठेवलेल्या बरणीत मजेत फिरतायत!

सांगायचं म्हणून गेलो.

"काय रे गुंडू?"

"अक्का, भूक लागली."

तिने आपल्या पानातला दोसा मला वाढला.